मांडव्याहून मुंबई बंदरात, पहिल्यांदाच

स्वतःची स्पीडबोट घेऊन पहिल्यांदा मांडव्याहून गेटवेकडे निघताय? मग अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (भरती-ओहोटी कमी असण्याच्या) दिवसांत पाण्याची ओढ कमी असते. निघायचं सकाळीच, दुपारी वारा चढतो.

खरी परीक्षा जहाजांच्या मार्गाची. तो काटकोनात, झटपट ओलांडा. लांबवर ठिपक्याएवढं दिसणारं कंटेनर जहाज दहा मिनिटांत अंगावर येतं, आणि त्याला ब्रेक नसतो. 20 मीटरपेक्षा लहान बोटीने तिथे त्याची वाट अडवायची नाही, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल 16 वर (संकटाच्या आणि हाकेच्या चॅनेलवर) कान ठेवा. पाण्यावर पांढरे प्लास्टिकचे कॅन दिसले तर खाली कोळ्यांचं जाळं समजा. पंख्यात दोर गुंतला की संपलंच. इंधन? येण्याजाण्याला लागेल त्याच्या दीडपट.