सेस्नातून मूनीत: वेगवान विमान शिकताना

सेस्ना 172 या लहान विमानावर पायलटचं लायसन्स मिळालं आणि त्यानंतर बराच काळ मी तीच उडवत राहिलो. मग मूनी एम20जे हे जास्त वेगवान लहान विमान शिकायला घेतलं. 172 क्रूझमध्ये, म्हणजे सरळ प्रवासात, 115 ते 120 नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल) जाते. मूनी 200 अश्वशक्तीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनावर 155-160 नॉट सहज गाठते. कागदावर हा फरक 40 नॉटांचा दिसतो. सीटवर बसल्यावर मात्र तो वेळेचा फरक होतो, कारण जे काम करायला 172 मध्ये तीन मिनिटं मिळत होती त्याला इथे दोनच मिळतात. वेग घ्यायला या विमानाला तुमची काही मदत लागत नाही. शिकायचं असतं ते वेग कमी करणं, आणि त्याची सुरुवात कधी करायची हे.

उतरण्याचंच गणित बघा. तुम्ही 9,500 फुटांवर आहात आणि सर्किटसाठी, म्हणजे उतरण्याआधी विमानतळाभोवती घालायच्या फेरीसाठी, 1,500 वर यायचं आहे. प्रवाशांच्या कानांना त्रास होऊ नये म्हणून मिनिटाला 500 फूट असा दर धरला, तर 8,000 फूट उतरायला 16 मिनिटं लागतात. 110 नॉटांनी उतरणारी 172 तेवढ्या वेळात 29 नॉटिकल मैल जाते, 165 नॉटांनी उतरणारी मूनी 44. म्हणजे विमानतळ नजरेच्या टप्प्यातही नसतो तेव्हा खाली यायला सुरुवात करायची. जुन्या सवयीने धावपट्टी दिसेपर्यंत थांबलात, तर तिच्या डोक्यावर तुम्ही चार हजार फुटांवर असाल आणि वेग लाल रेषेकडे, म्हणजे विमानाच्या कमाल मर्यादेकडे, सरकत असेल.

172 ची चाकं, पंखांना आधार देणारे स्ट्रट, सगळं हवेत बाहेर असतं, त्यामुळे ती खाली येता येता हळूही होते. मूनीचं अंग गुळगुळीत आणि चाकं पोटात, म्हणून ती एका वेळी एकच काम करते: खाली येते किंवा हळू होते. माझ्या इन्स्ट्रक्टरने यासाठी एक सराव करून घेतला, तो प्रत्येकाने करावा असं मला वाटतं. मोकळ्या आकाशात, सुरक्षित उंचीवर, क्रूझच्या वेगात सरळ उडायचं. मग मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनाची पॉवर दाखवणारा दाब) 16-17 इंचांवर आणायचं, उंची जराही सोडायची नाही, आणि चाकं बाहेर काढता येतील इतका वेग कमी व्हायला किती मैल लागतात ते मोजायचं. आमच्या विमानात ती मर्यादा 132 नॉट होती, फ्लॅपची (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपांची) त्याहूनही कमी. तो आकडा गुडघ्यावरच्या पॅडवर लिहून ठेवा. पुढचं सगळं नियोजन त्या एका आकड्यावर उभं राहतं. मी आजही विमानतळापासून दहा मैलांवर सर्किटच्या उंचीला सपाट होतो आणि तिथेच वेग सोडायला लागतो. चाकं बाहेर आली की बाकीचं काम ती करतात, त्यांच्याइतका चांगला ब्रेक या विमानात दुसरा नाही.

चाकांबद्दल सगळेच घाबरवतात आणि ती भीती रास्त आहे. चाकं विसरली जातात ती बहुतेकदा लक्ष दुसरीकडे गेल्यामुळे. डाउनविंडला, म्हणजे सर्किटमध्ये धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, नेमका रेडिओवर कॉल येतो, समोर दुसरं विमान दिसतं, टॉवर क्रम बदलतो, आणि हात लिव्हरवर जायचा राहतो. इशारा देणारा भोंगा सहसा थ्रॉटलला (पॉवरच्या लिव्हरला) जोडलेला असतो. तुम्ही पॉवर ठेवून जोरात येत असाल तर तो वाजणारही नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. मी ‘गम्प्स’ तीन वेळा म्हणतो, डाउनविंडला, बेसला (धावपट्टीकडे वळण्याआधीच्या आडव्या टप्प्यात) आणि फायनलला (धावपट्टीच्या रेषेत आल्यावर): गॅस, अंडरकॅरेज (चाकं), मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण), प्रॉप (प्रोपेलर), सीटबेल्ट. मनात नाही, मोठ्याने. मूनीच्या फरशीत एक छोटी काच आहे, तिच्यातून चाकं खाली लॉक झाल्याची खूण दिसते. हिरवा दिवा बघायचा, त्याच्याकडे बोट करायचं, मग मान वाकवून ती काच बघायची. फायनलला हे करायला दोन सेकंद पुरतात.

उतरल्यावरची एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: धावपट्टी सोडून विमान थांबेपर्यंत फ्लॅपला हात लावायचा नाही. जुन्या बोनान्झांमध्ये (बीचक्राफ्टचं वेगवान लहान विमान) गिअर म्हणजे चाकं आणि फ्लॅपच्या स्विचच्या जागा बाकीच्या विमानांच्या बरोबर उलट होत्या. फ्लॅप वर घ्यायला गेलेल्या हाताने चाकंच आत घेतल्याच्या घटना त्यामुळे घडल्या.

आता प्रत्यक्ष लँडिंग. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. 70 नॉटांऐवजी 80 नॉटांनी आलात तर वेग 14 टक्क्यांनी जास्त, पण जिरवायची ऊर्जा 30 टक्क्यांनी जास्त. 172 मध्ये ‘सुरक्षेसाठी’ म्हणून वाढवलेले पाच-दहा नॉट खपून जातात. मूनीचे पंख जमिनीलगत असतात, त्यामुळे ती जादा वेगात धावपट्टीवर तरंगत राहते. धावपट्टी संपत आल्यासारखी वाटते आणि पायलट विमान जबरदस्तीने खाली दाबतो. मग पुढचं चाक आधी टेकतं. या विमानाच्या चाकांना तेलाचे शॉक ॲब्झॉर्बर नसतात, रबराच्या चकत्या असतात, म्हणून ती उसळते. प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा वाईट असते आणि काही उसळ्यांनंतर प्रोपेलर जमिनीला लागतो. आमच्याकडे नियम साधा होता: एक उसळी आली की गो-अराउंड, म्हणजे पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जायचं, चर्चा नाही.

गो-अराउंडसुद्धा आधी उंचीवर शिका. लँडिंगसाठी ट्रिम (नाक हव्या त्या कोनात धरून ठेवणारं नियंत्रण) नाक वरच्या बाजूला लावलेलं असतं. पूर्ण पॉवर दिली की नाक एकदम वर उसळतं आणि डावीकडे ओढतं. 172 मध्ये दोन बोटांनी सावरता येणारं हे नाक इथे पूर्ण हाताने दाबून धरावं लागतं, नाक सरळ ठेवायला पायाने उजवा रडर दाबावा लागतो, आणि ट्रिम फिरवायचं ते त्यानंतर. 300 अश्वशक्तीच्या विमानात तर हा धक्का फारच मोठा असतो.

प्रोपेलरच्या फिरण्याचा वेग ठरवणारा प्रॉपचा निळा लिव्हर नवा असतो, पण तो आठवड्याभरात हाताला बसतो. पॉवर वाढवताना आधी मिक्श्चर, मग प्रॉप, शेवटी थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल.

इंधनाकडे जास्त लक्ष द्या. 172 चा टाकी निवडणारा सिलेक्टर ‘बोथ’वर (दोन्ही टाक्यांवर) ठेवला की विसरता येतं. मूनी, बोनान्झा आणि बहुतेक पायपरमध्ये फक्त डावी किंवा उजवी टाकी, म्हणून वेळेवर टाकी बदलायला टायमर लावा. टाक्या पूर्ण भरल्या तर एम20जेमध्ये 64 गॅलन इंधन येतं, म्हणजे सुमारे 174 किलो. मग चार सीट असल्या तरी चार मोठी माणसं बसवता येत नाहीत. बोनान्झात तर इंधन जळत जाईल तसं गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणून उतरतानाच्या वजनाचा हिशेबही निघण्याआधीच करावा लागतो.

हवामानाबद्दल एकच, पण गंभीर गोष्ट. वेगवान विमान तुम्हाला दोन तासांत अशा ठिकाणी नेतं जिथलं हवामान निघालेल्या जागेपेक्षा अगदी वेगळं असतं. ढगात शिरून क्षितिज हरवलं आणि पंख कलला, तर गुळगुळीत विमान फार लवकर वेग घेतं. 172 मध्ये सावरायला जेवढे क्षण मिळतात तेवढे इथे मिळत नाहीत. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं बघून उडवण्याचा परवाना) नसेल तर ते याच टप्प्यावर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

एकदम एवढी उडी नको वाटत असेल तर सेस्ना 182 हा चांगला मधला टप्पा आहे: 230 अश्वशक्ती, 140 नॉटांच्या आसपास, चाकं बाहेरच. मात्र तिचं नाक जड असतं, पुढच्या चाकावर आपटली तर फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) वाकते. सिरस एसआर22 चीही चाकं बाहेरच असतात, तरी ती 180 नॉटांच्या घरात जाते. तिच्यात पॅराशूट आहे, आणि ते कधी ओढायचं हे टेकऑफच्या आधीच ठरवून ठेवायला शिकवणारं वेगळं प्रशिक्षण घ्या. कोणतंही विमान निवडा, इन्स्ट्रक्टर त्याच मॉडेलवर भरपूर उडालेला हवा. विमा कंपन्याही बहुतेकदा त्या मॉडेलवर इन्स्ट्रक्टरसोबत केलेले तास मागतात.

आणि वार्षिक तपासणीत विमान जॅकवर चढवलं जाईल तेव्हा मेकॅनिकला विनंती करून हँगरमध्ये हजर राहा. बॅटरीचा आधार न घेता चाकं हाताने खाली काढून बघा. एम20जेमध्ये त्यासाठी एक हँडल पुन्हा पुन्हा ओढावं लागतं, बोनान्झात पुढच्या सीटच्या मागचा क्रँक सुमारे पन्नास वेळा फिरवावा लागतो. हात किती भरून येतो, किती वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात विमान कोण उडवणार, हे सगळं तिथेच कळतं.