हरभऱ्याची मर: वाण निवडताना विचारायचा प्रश्न

पेरणी तोंडावर आली की बहुतेक जण पिशवीवर 'मर प्रतिकारक' एवढं वाचून बियाणं उचलतात. तेवढ्यावर थांबू नका. कोणत्या रेसला, म्हणजे रोगाच्या बुरशीच्या कोणत्या उपप्रकाराला, प्रतिकारक, हेही विचारा. मर आणणारी फ्युजेरियम बुरशी सगळीकडे सारखी नसते. हरभऱ्यावर तिच्या 0, 1ए, 1बी/सी, 2, 3, 4, 5 आणि 6 अशा आठ रेस नोंदल्या गेल्या आहेत. एका रेसला दाद न देणारा वाण दुसरीपुढे बळी पडू शकतो. म्हणून आपल्या भागात कोणती रेस आहे हे कृषी संशोधन केंद्रातून समजून घ्या आणि मगच वाण ठरवा.

हे झाडाच्या जनुकांवर ठरतं. रेस 1ए विरुद्ध तीन जनुकं माहीत आहेत. त्यांतलं एकच असेल तर मर थांबत नाही, नुसती लांबते. कोणतीही दोन एकत्र आली तर झाड पूर्ण तग धरतं. जेजी-62 सारखा मरीला सहज बळी पडणारा वाण पेरणीनंतर महिनाभरातच माना टाकतो, तर एकच जनुक असलेला वाण फुलं-घाटे येईपर्यंत हिरवागार उभा राहतो आणि मग वाळतो. मला जास्त धोका या उशिरा मरणाऱ्या झाडाचा वाटतो. त्याला घाटे धरतात, ते निरोगी झाडांबरोबर मळले जातात आणि बियाण्यातून बुरशी पुढच्या शेतात पोचते. मर दिसलेल्या प्लॉटमधलं बी घरी राखू नका, दाणा कितीही टपोरा असला तरी.

वाळलेलं झाड उपटून खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली आणि मूळ बाहेरून शाबूत असलं तर ती मर. मूळ ठिसूळ होऊन उपमुळं गळालेली असतील तर ती कोरडी मूळकूज. ती उष्णतेत आणि ओल कमी पडल्यावर वाढते. तिची बुरशी वेगळी असल्याने मर प्रतिकारक वाण तिच्यापुढे टिकेलच असं नाही.

फेरपालट जरूर करा, पण मसूर, वाटाणा किंवा तूर घेऊन नव्हे. या पिकांवर लक्षण दिसत नाही, तरी बुरशी त्यांच्या मुळांत जगते. तृणधान्य घ्या. यजमान पीक, म्हणजे तिला आसरा देणारं पीक, नसतानाही ही बुरशी मातीत सहा वर्षांपर्यंत तग धरते, म्हणून एका वर्षाच्या बदलाने शेत मोकळं होत नाही.

बियाण्याला किलोमागे 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा, रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) सर्वांत शेवटी लावा. उभ्या पिकात मर दिसल्यावर फवारणीवर पैसे घालवू नका. बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरलेली असते, तिथवर फवारा पोचत नाही. रोगट झाडं मुळासकट काढून जाळा आणि ती जागा खुणावून ठेवा.