इन्सुलिन घरी देण्यापूर्वीची तयारी

इन्सुलिन घरीच द्यायचे ठरले की बहुतेकांना सुईची धास्ती वाटते. सासूबाईंना इंजेक्शन द्यायला लागल्यापासून मला धास्ती वाटते ती कुपीवरच्या आकड्याची. आपल्याकडे कुपी एका मिलिलिटरला ४० युनिटची किंवा १०० युनिटची मिळते. सिरिंजही त्यानुसार निराळी, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची असते. १०० च्या कुपीतले औषध ४० च्या सिरिंजने तेवढ्याच रेषेपर्यंत ओढले, तर मात्रा थेट अडीचपट होते. म्हणून सिरिंजा आणायला जाताना कुपीचे खोके सोबत न्यावे आणि दुकानातच दोन्ही आकडे जुळवून पाहावेत.

न उघडलेल्या कुप्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवाव्यात, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरता येत नाही. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वापरातली कुपीही फ्रीजमध्येच बरी. तिच्यावर उघडल्याची तारीख लिहावी. बहुतेक कुप्या त्यानंतर २८ दिवसच चालतात.

साबणाने हात धुतल्यावर, इन्सुलिन गढूळ प्रकारचे असेल तर कुपी तळहातांमध्ये हलकेच घोळवावी, खळखळून हलवू नये. पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन मात्र गढूळ दिसले तर ते टाकूनच द्यावे. जितके युनिट घ्यायचे तितकी हवा आधी कुपीत सोडावी, मग कुपी उलटी धरून औषध ओढावे आणि बुडबुडे टिचकीने वर आणून काढावेत. पोटावर टोचताना बेंबीभोवतीची दोन बोटे जागा सोडावी व रोजची जागा थोडी सरकवावी, नाहीतर तिथे गाठी होतात आणि औषध नीट शोषले जात नाही.

जेवणाआधीचे इन्सुलिन टोचण्यापूर्वी खाणे खरोखर तयार आहे ना, हे पाहावे. गाडीवरून पोहे-जिलबी यायची आहे, एवढ्या भरवशावर सुई लावू नये. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे झाले आणि साखर ७० च्या खाली असली, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.

वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत साठवाव्यात आणि कचरागाडी आल्यावर ती बरणी घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात, आत सुया आहेत असे सांगून द्यावी.