इम्युनोथेरपी घेताय? पोटातल्या जीवाणूंबाबत या चुका टाळा

कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्याच रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा, गुण येणं काही अंशी आतड्यातल्या जीवाणूंवर अवलंबून असावं, हे २०१८ साली पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी व ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कॅन्सर संस्थांतल्या आणि शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांच्या अभ्यासांतून पुढे आलं. ज्यांना औषध लागू पडलं त्यांच्या पोटातले जीवाणू वेगळे होते. त्यांची विष्ठा उंदरांच्या पोटात घातल्यावर उंदरांनाही औषध जास्त लागू पडलं. ही माहिती अर्धवट पोचली, की रुग्णाचं नुकसान होतं.

पहिली चूक म्हणजे सर्दी-खोकल्यासाठी केमिस्टकडून स्वतःच अँटिबायोटिक आणणं. उपचार सुरू होण्याच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांचं आयुर्मान कमी दिसलं. असे रुग्ण मुळात जास्त आजारी असू शकतात, त्यामुळे सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. तरी विनाकारण गोळी नकोच.

याच्या उलट चूक मात्र जीवघेणी आहे. "अँटिबायोटिकनं इम्युनोथेरपी वाया जाईल" म्हणून ताप अंगावर काढू नका. सोबत केमो चालू असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना संसर्ग काही तासांत रक्तात पसरतो. तेव्हा जीवाणूंची काळजी बाजूला ठेवून अँटिबायोटिक लगेच सुरू व्हायलाच हवं.

प्रोबायोटिक कॅप्सूलचंही तसंच. "चांगले जीवाणू" म्हटल्यावर त्या निरुपद्रवी वाटतात. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) अभ्यासात, प्रोबायोटिक दिलेल्या उंदरांमध्ये इम्युनोथेरपीचा परिणाम उलट कमी झाला. त्याच अभ्यासात दिवसाला किमान २० ग्रॅम तंतुमय पदार्थ खाणाऱ्या रुग्णांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. यावरून माझं मत ठाम आहे: कॅप्सूलवर पैसे घालण्यापेक्षा ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी आणि पेरू ताटात वाढा. मात्र आतड्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा आतड्यात अडथळा असेल, तर आधी आहारतज्ज्ञांना विचारा. पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील, तर घरच्या दही-ताकाबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्या.

निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचे प्रयोग चालू आहेत आणि त्यांतून आशाही दिसते. पण हे घरी करून पाहायचं काम नाही. तपासणी न झालेल्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय हा जीवाणू शरीरात गेल्यानं अमेरिकेत एका रुग्णाचा मृत्यू झाला. तिथल्या एफडीए या सरकारी औषध नियामक संस्थेनं २०१९ साली तसा इशारा दिला होता.

जुलाब लागले, की घरातली गोळी देऊन मोकळं होणं हीही मोठी चूक. इरिनोटेकान या केमोच्या औषधाचा निष्क्रिय झालेला अंश आतड्यातले जीवाणू पुन्हा सक्रिय करतात, म्हणून जुलाब होतात. त्यासाठी डॉक्टर स्वतःच लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी लिहून देतात. इम्युनोथेरपीत मात्र स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती आतड्यावर हल्ला करते आणि त्यावर बहुतेकदा स्टिरॉइड लागतं. तिथं गोळीनं जुलाब थांबल्यासारखे वाटतात, आतली सूज वाढत राहते.

दिवसात नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त शौचाला व्हायला लागलं, रक्त दिसलं किंवा पोटात कळा आल्या, तर त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरतज्ज्ञांना) फोन करा. त्रास कधीपासून आहे आणि शेवटचा डोस कधी झाला, हे सांगा. असा त्रास उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतो, म्हणून जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तरी इम्युनोथेरपी झाली आहे हे आधी सांगा.