ऊन डोक्यात गेलं की एक झाड धरायचं

मे उजाडला की आमच्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, मोबाईल उघडला की कुठे उष्माघात, कुठे विहीर आटली, आणि रावेर-यावलकडे वादळाने केळी आडवी झाली की तर नात्यातलेच फोन येतात. अशा वेळी कोणी म्हटलं की निसर्गात आशा शोधा तर डोकंच फिरतं, माझंही फिरायचं. पण एक उपाय करून बघितला, मला लागू पडला, तो कसा करायचा ते सांगतो.

आधी एक झाड धरा. लांबचं नको, दूध आणायला जाता त्या रस्त्यावरचं चालेल. शक्यतो पिंपळ, पळस नाहीतर बहावा बघा, कारण ही मंडळी ऐन उन्हाळ्यात कामाला लागतात. पळस फेब्रुवारी-मार्चमधे पानं टाकून नुसता केशरी होतो, त्यावर पळसमैनांचा कलकलाट असतो, त्या पार मध्य आशियाकडून आलेल्या असतात बरं का. पिंपळाला चैत्राच्या सुमाराला तांबूस कोवळी पालवी येते, आपण कूलरमधे पाणी भरत असतो तेव्हा.

जायचं सकाळी सहा-साडेसहाला, पंधरा मिनिटं बस झाली. नऊनंतर जाऊन हिरोगिरी करू नका. जुन्या डायरीत तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या, कविता नको, पहिलं फूल कधी, शेंगा किती, कोण येऊन बसलं. दुसऱ्या वर्षी तारखा जुळवल्या की कधीकधी पोटात गोळा येतो, बहार लवकर आला किंवा आलाच नाही असं दिसतं. तेही लिहायचं. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं जुनी माणसं म्हणतात, माझ्या डायरीत ते एकदा जमलं, एकदा साफ चुकलं.

पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीकडे जा. सुगरण पक्षीण घरटं विणते म्हणतात पण विणतो नर. गवताच्या पात्या फाडून आणतो, अर्धं घरटं झालं की मादी येऊन तपासते, पसंत नाही पडलं तर निघून जाते आणि हा भाऊ शेजारी दुसरं सुरू करतो. अर्धवट सोडलेली घरटी मोजा एकदा. मी अकरा मोजली, आणि शेताच्या टेन्शनमधे होतो तरी हसू आलं.

वर्षातून एकदा लांब जा. थंडीत हतनूर धरणावर बदकं येतात, दुर्बीण मागून न्या. सातपुड्यात गेलात तर रानपिंगळ्याची, म्हणजे एका छोट्या घुबडाची गोष्ट आठवा, १८८४ नंतर त्याची पक्की नोंदच नव्हती, तो संपला असंच धरलेलं, आणि १९९७ मधे आपल्या शहाद्याजवळ सापडला. पाड्यांवरच्या लोकांनाही तो इतकी वर्षं दिसला नसेल हे मला काही पटत नाही, नोंद नव्हती एवढंच. फक्त मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, त्याच्या जिवाला ताप होतो.

आणि नुसतं बघून भागत नसेल तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या. चैत्राम पवार आणि गावाने मिळून उघड्या डोंगरावर कुऱ्हाडबंदी केली, जंगल परत आलं, विहिरींना पाणी टिकू लागलं, पवारांना २०२५ मधे पद्मश्री जाहीर झाली. वनभाज्यांची स्पर्धा असते तेव्हा जा, पोटही भरतं.

घरी करण्यासारखं एकच, झाडाखाली मातीचं पसरट भांडं ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. आमच्या भांड्यावर पहिले चार दिवस फक्त गल्लीतली मांजर येत होती, पाचव्या दिवशी बुलबुल आला, मांजर गेल्यावर.