ऑटोमॅटिक फोर बाय फोर : गिअर टाकताना या चुका टाळा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गाडीचा वेग कळतो, इंजिनचे आरपीएम कळतात आणि तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते कळतं. पुढे चिखल आहे की तीव्र उतार, हे त्याला दिसत नाही. म्हणून थार किंवा जिम्नीसारख्या पार्ट-टाइम फोर बाय फोर (गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाडीत लिव्हर ‘डी’त (ड्राइव्ह) टाकून निर्धास्त राहू नका.

सर्वांत धोक्याची चूक उतारावर होते. पावसाळ्यात लाल मातीच्या कच्च्या उतारावर ‘डी’तच गाडी सोडली, की ॲक्सिलरेटरवरचा पाय निघताच गिअरबॉक्स वरचा गिअर घेतो. इंजिनचा रोध जवळपास संपतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि ओल्या मातीवर चाकं घसरू लागतात. उतार सुरू होण्याआधीच थांबा, ‘४ एल’ (चारही चाकांना ताकद, पण कमी वेगात) घ्या आणि पहिल्या गिअरमध्ये उतरा. थारमध्ये त्यासाठी मॅन्युअल मोडमध्ये १, जिम्नीत लिव्हर ‘एल’वर. मागची बाजू आडवी सरकू लागली तर ब्रेक जोरात दाबू नका. ब्रेक सोडून किंचित ॲक्सिलरेटर द्या, म्हणजे चाकं पुन्हा फिरून पकड घेतात. ताम्हिणी किंवा आंबेनळीसारख्या डांबरी घाटात मात्र ‘२ एच’ (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद, नेहमीचा वेग) आणि खालचा गिअर पुरतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं कुठेच नको.

‘४ एल’ पडत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा गिअर लिव्हर ‘डी’त असतो किंवा गाडी पूर्ण थांबलेली नसते. क्रम असा: ब्रेक दाबून गाडी थांबवा, गिअर ‘एन’मध्ये (न्यूट्रल), मग ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद दोन किंवा चार चाकांकडे वळवणाऱ्या पेटीचा) दुसरा लिव्हर एका दमात ‘४ एल’ला, डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर झाला की ‘डी’ किंवा ‘आर’ (रिव्हर्स). तरीही अडला तर आतले दाते समोरासमोर आलेत असं समजा. जोर लावू नका. जागा सपाट असेल तर गाडी मीटरभर पुढे घेऊन पुन्हा करून पाहा. ‘४ एल’मध्ये चाकांवरचा जोर जिम्नीत साधारण दुप्पट, थारमध्ये जवळपास अडीचपट होतो, तितकाच वेग घटतो. तो रस्त्यावर पळवायचा गिअर नव्हे.

उलटी तक्रारही येते: चिखलातून बाहेर आल्यावर ‘२ एच’ लागत नाही. कोरड्या डांबरावर ‘४ एच’मध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) वळणं घेतल्याचा हा परिणाम. या गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक जायला जागा मिळत नाही आणि शाफ्टमध्ये पीळ बसतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. सरळ रेषेत ४-५ मीटर रिव्हर्स घेतलं, की पीळ सुटतो आणि लिव्हर हलतो.

गाडी रुतली की अनेक जण रेस चालू ठेवून ‘डी’-‘आर’-‘डी’ करत राहतात. फिरती चाकं थांबण्याआधीच दिशा बदलल्याने गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट्स घासल्या जातात. प्रत्येक वेळी चाकं थांबू द्या, मग लिव्हर हलवा. तीन-चार प्रयत्नांत नाही निघाली तर फावडं काढा. वाळूत टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करणं कुठल्याही गिअरपेक्षा जास्त कामाचं. डांबरावर येताच ती पुन्हा भरा.

चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) तेल नुसतं घुसळत राहतं आणि झपाट्याने तापतं. जळका वास आला किंवा तापमानाचा इशारा दिसला तर ‘पी’मध्ये (पार्क), इंजिन चालू ठेवून गाडी थांबू द्या. इंजिन बंद केलं तर तेल फिरणं थांबतं आणि उष्णता आतच राहते.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ट्रान्सफर केस ‘एन’मध्ये असेल तर गिअर ‘पी’मध्ये असूनही गाडी गडगडू शकते, कारण ‘पी’ गिअरबॉक्सचा शाफ्ट अडवतो आणि तो तेव्हा चाकांना जोडलेलाच नसतो. उतारावर थांबताना ट्रान्सफर केस ‘एन’मध्ये ठेवू नका; आधी ब्रेक, मग गिअर ‘एन’मध्ये, मग हँडब्रेक. पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसली की ‘पी’. असं केलं की ‘पी’च्या छोट्या खिळीवर गाडीचा भार लटकत नाही.

बॅटरी उतरली तर ढकलून ही गाडी सुरू होत नाही, कारण गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनवरच चालतो. टो करून नेतानाही तीच अडचण: तेल न फिरता भाग फिरतात. शक्यतो चारही चाकं उचलून न्या.