स्पिरिटचा टँकर इंडस्ट्रीला विकताय? आधी टेंपरेचर लिहायची सवय लावा

कारखान्याच्या डिस्टिलरीतून पहिल्यांदाच इंडस्ट्रियल पार्टीला माल द्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. रेट, क्रेडिट, दलाली हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, ते सोडून देतो. मागच्या वेळी माझ्याकडून टेंपरेचर लिहून घ्यायचं राहिलं आणि पुढचा सगळा मनस्ताप तिथून सुरू झाला, त्यामुळे तो विषय परत परत येईल, कंटाळू नका.

आधी गिऱ्हाईकाला नक्की काय पाहिजे ते लेखी घ्या. फोनवर नुसतं ‘स्पिरिट पाठवा’ म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. इथाइल अ‍ॅसिटेट करणाऱ्याला, अत्तरवाल्याला, शाईवाल्याला आणि औषध कंपनीला वेगवेगळा माल लागतो. कुणाला रेक्टिफाइड (साध्या ऊर्ध्वपातनाने काढलेलं स्पिरिट) चालतं, कुणाला ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, म्हणजे जास्त शुद्ध, वास नसलेलं स्पिरिट) पाहिजे, कुणाला पाणी अजिबात नको म्हणून अ‍ॅब्सोल्यूट. डिनेचर्ड (पिता येऊ नये म्हणून दुसरं काही मिसळलेलं) पाहिजे असेल तर कशाने डिनेचर केलेलं तेही विचारा, कारण अत्तरवाल्याला डायइथाइल थॅलेट चालतं, क्रोटोनाल्डिहाइडच्या वासाचा माल त्याच्या काय कामाचा? आणि एकदा डिनेचरंट टाकलं की संपलं, ते परत काढता येत नाही. त्याच्या लायसन्सवर जे लिहिलंय तेच टाका, अंदाजाने काही करू नका.

परमिट. खरेदीदाराचं लायसन्स चालू आहे का, या वर्षाचा कोटा शिल्लक आहे का, परमिटवरचा मालाचा प्रकार आणि तुमच्या बिलावरचा प्रकार शब्दाला शब्द जुळतो का, एवढं स्वतः बघा, क्लार्कवर सोडू नका. पार्टी वापी-अंकलेश्वरची असेल तर आधी गुजरातच्या नशाबंदी आणि आबकारी खात्याचं आयात परमिट, मग आपल्याकडची परवानगी, आणि त्यानंतरच टँकर बोलवायचा. ‘इंडस्ट्रियल माल आहे, राज्याचा काय संबंध’ असं अजून काही लोक सांगतात, त्यांचं ऐकू नका, २३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने (८ विरुद्ध १) इंडस्ट्रियल अल्कोहोलही राज्यांच्या अधिकारात येतं असं सांगून आपलाच जुना निकाल मोडीत काढलाय. आणि अनोळखी पार्टी गरजेपेक्षा जास्त माल मागत असेल, फॅक्टरी दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर सरळ नाही म्हणा. २०१५ ला मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली, ते मिथेनॉल होतं, पण इंडस्ट्रीच्या नावाने निघालेला माल गुत्त्यावर पोचला की काय होतं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं.

आता टेंपरेचर. अल्कोहोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, एका डिग्रीला साधारण हजारात एक लिटर धरा. एप्रिलमध्ये उन्हात तापलेल्या टाकीतून ३८ डिग्रीचा २०,००० लिटर माल भरला, तिकडे तो जमिनीखालच्या टाकीत २६ डिग्रीवर आला आणि त्यांनी डिप घेतला (पट्टी बुडवून पातळी मोजली), तर अडीचशे लिटरच्या आसपास कमी दिसणार. एक थेंब चोरीला गेलेला नसतो, सांडलेला नसतो, तरी ड्रायव्हरवर संशय, तुमच्या बिलाला कात्री आणि वाटेतल्या घटीचा खुलासा आबकारी खात्याला द्यायचा तो वेगळाच. हायड्रोमीटरचंही (स्ट्रेंथ, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण मोजायचं उपकरण) तेच, ३८ डिग्रीवर ९५ टक्क्यांचा माल करेक्शन न करता वाचला तर अठ्ठ्याण्णवच्या वर दाखवतो. साध्या ऊर्ध्वपातनाने स्पिरिट सुमारे ९७ टक्क्यांच्या वर जातच नाही, म्हणजे रेक्टिफाइडचं रीडिंग अठ्ठ्याण्णव आलं की समजायचं टेंपरेचर धरलेलं नाही.

म्हणून भरताना टेंपरेचर लिहा. थर्मामीटर टँकरच्या वरच्या थरात बुडवून नाही, मधल्या थरातल्या सँपलचं बघायचं, प्रत्येक कप्प्याचं वेगळं. चलनावर लिहा, सँपलच्या बाटलीवर लिहा, ड्रायव्हरकडच्या कागदावर लिहा. तुमचं टेंपरेचर करेक्शनचं टेबल १५.६ डिग्रीचं आहे का २० चं ते पार्टीला आधी विचारून एकच ठरवा आणि ऑर्डरमध्येच टाका, दोघांनी वेगळी टेबलं धरली तर दोघंही खरं बोलत असूनही भांडण होतं. शक्य असेल तर बिल वजनावर लावा, कारण वजन ऊन बघत नाही. दोन्हीकडचा काटा, दोन्हीकडचं टेंपरेचर, दोन्हीकडची स्ट्रेंथ. पार्टीला सांगा, तुम्हीही खाली करताना टेंपरेचर लिहा, नाही लिहिलं तर घटीचा क्लेम मान्य होणार नाही, आणि हे माल निघायच्या आधी सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.

टँकर आला की आधी मागचा माल कुठला होता ते लेखी घ्या. मिथेनॉल, सॉल्व्हंट, तेल काहीही असेल तर झाकण उघडून आत बघा, नाक लावू नका, टॉर्च घ्या तीही फ्लेमप्रूफ. धुतलेला असेल तर पूर्ण वाळलाय का, तळाला पाणी राहिलं की स्ट्रेंथ गेली, अ‍ॅब्सोल्यूटला तर ओलावासुद्धा चालत नाही. काठोकाठ भरू नका, फुगायला जागा लागते (परत टेंपरेचरच).

लोडिंगला अर्थिंगची क्लिप लावल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही. ९५ टक्क्यांच्या स्पिरिटचा फ्लॅश पॉइंट १७ डिग्रीच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे जवळपास कायमच पेटण्याच्या तयारीत, आणि ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. फोम अल्कोहोलला चालणाराच ठेवा, साधा फोम स्पिरिटवर टिकत नाही, विरून जातो. मोबाइल गेटवरच.

बाकी पटापट सांगतो. सील नंबर चलनावर. यूएन ११७० (इथेनॉलचा धोकादायक मालाचा नंबर) ची पाटी, ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड), ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद. ई-वे बिल. इंडस्ट्रियल स्पिरिटला जीएसटी १८ टक्के, पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा ५ टक्के दर इथे लावू नका. खात्याने दिलेल्या वाहतूक पासची मुदत आणि रस्ता बघा, गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपायच्या आत खात्याला कळवा. सीलबंद सँपल दोन, एक तुमच्याकडे एक पार्टीकडे, टेंपरेचरसकट. माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती त्याच आठवड्यात मागून घ्या, त्यावर त्यांनी टेंपरेचर लिहिलंय का बघा, नसेल तर लगेच फोन करा, आणि मग ती खात्यात जमा करून पोच घ्या, नाहीतर पुढच्या गाडीचा पास अडकतो.